डर्बी समजून घ्यायचीय तर आधी गल्ली समजून घे

भावा, तू फुटबॉल बघण्यात नवीन आहेस म्हणून सांगतो, डर्बी म्हणजे एकाच गावातल्या दोन टीमची मॅच, आणि कुठली टीम धरायची हे पॉइंट टेबल बघून ठरवू नको. आपल्या नाशकात बसून सगळे लिव्हरपूल लिव्हरपूल करतात पण लिव्हरपूलच्या मैदानावर, अॅनफिल्डवर, आधी त्याच शहरातली दुसरी टीम एव्हर्टन खेळायची हे किती जणांना माहितीये? 1892 मध्ये मैदानाच्या भाड्यावरून मालकाशी वाजलं, एव्हर्टन उठून बागेपलीकडे गुडिसन पार्क या नव्या मैदानावर गेली आणि रिकाम्या मैदानासाठी मालकाने नवीन क्लब काढला तोच लिव्हरपूल. म्हणजे घरमालक-भाडेकरूचं भांडण रे, आणि त्यातून एकाच घरात एक भाऊ लाल म्हणजे लिव्हरपूलचा, एक निळा म्हणजे एव्हर्टनचा.

आणि हे बघायला इंग्लंडच कशाला, कोल्हापूरची एसटी पकड आणि शाहू स्टेडियमला पाटाकडील विरुद्ध दिलबहार बघ, मॅच असेल तेव्हा. तिथे क्लब म्हणजे तालीम, पेठेची तालीम, पोरगं जन्मतःच कुणाचं तरी असतं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा शेजारच्या आजोबांनी नाव नाही विचारलं, "तालीम कुठली?" एवढंच विचारलं. नाशिकचा म्हटल्यावर सरकून जागा दिली, शेंगदाणे हातावर ठेवले आणि हाफटाइमपर्यंत मला त्यांच्या बाजूचं करून टाकलं.

नव्या जागी गेलास की आधी गप बस, ऐक, कोण कुठे बसतंय ते बघ. टीमचा शर्ट लगेच घेऊ नको. आणि समोरच्या क्लबला शिव्या तर अजिबात नको, कारण ते एकमेकांचे शेजारी आहेत, मॅच संपली की एकाच टपरीवर चहा पितात, आपण बाहेरचे.