पायथन ३ काढलं तर अख्खा डेस्कटॉप का उडाला?

तुमचा प्रश्न वाचून माझे जुने दिवस आठवले. पायथनचं (प्रोग्रामिंगची भाषा) नवं व्हर्जन टाकायचं म्हणून आधी जुनं काढलं, एंटर मारला, रीस्टार्ट केलं आणि समोर नुसती काळी स्क्रीन. उबुंटू या लिनक्सवर हे बऱ्याच जणांचं होतं, व्हायरस वगैरे काही नाही. ॲप्टने, म्हणजे सॉफ्टवेअर टाकणाऱ्या-काढणाऱ्या टूलने, तुम्ही सांगितलं तेच केलं, फक्त पूर्ण केलं.

होतं काय, की प्रत्येक डेब पॅकेजच्या (उबुंटूवर सॉफ्टवेअर ज्या गठ्ठ्यात येतं तो) आत एक छोटी माहिती असते आणि त्यात डिपेंड्स म्हणून ओळ असते, म्हणजे मला चालायला अमुक अमुक पॅकेज लागतं, कधी कधी अमुक व्हर्जनच्या वरचंच. जे जे इन्स्टॉल आहे त्याची ही सगळी नोंद डीपीकेजी (ॲप्टच्या खालचं, प्रत्यक्ष पॅकेज बसवणारं टूल) एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवतो (व्हार, लिब, डीपीकेजीच्या आत स्टेटस नावाची, उघडून बघा, मजा येते). आता उबुंटूमध्ये अपडेट मॅनेजर, ड्रायव्हर टाकणारं टूल असं बरंच काही पायथनमध्येच लिहिलंय, आणि ती पॅकेजेस ज्यांना लागतात ती अजून वेगळी. तुम्ही तळातली वीट काढायला सांगितली. वीट काढून वरची भिंत अधांतरी ठेवायची ॲप्टला परवानगीच नाही, मग तो म्हणतो, ठीक आहे, भिंत पण उतरवतो. आणि तशी यादी दाखवून वाय की एन विचारतो. ती यादी आपण वाचत नाही 😅

याच्या बरोबर उलटी गोष्ट म्हणजे ऑटोरिमूव्ह, लोक दोन्हीत गल्लत करतात. तुम्ही स्वतः मागून घेतलेलं पॅकेज मॅन्युअल, आणि त्याच्यासोबत ओढून आलेलं ऑटो, अशी खूण ॲप्ट ठेवतो. मुख्य पॅकेज गेलं आणि ऑटोवाल्याला आता कोणीच विचारत नाही, की मग ते ऑटोरिमूव्हच्या यादीत येतं. म्हणजे रिमूव्ह वरच्यांना घेऊन जातं, ऑटोरिमूव्ह खालचे बेवारस साफ करतं. एखादं ठेवायचंच असेल तर ॲप्ट-मार्क मॅन्युअल करून टाका, मग हात लावत नाही.

तुम्ही एकटे नाही हं. नोव्हेंबर २०२१ मध्ये लायनस सेबॅस्टियन या नावाजलेल्या यूट्यूबरने पॉप ओएसवर (उबुंटूवरच बेतलेलं लिनक्स) स्टीम हे गेम्सचं ॲप टाकायला घेतलं, तेव्हा पॅकेजमधल्या गडबडीमुळे ॲप्टने डेस्कटॉपच काढायचा प्रस्ताव ठेवला, आणि त्याने "येस, डू ॲज आय से" असं टाइप करून दिलं. डेस्कटॉप गायब. त्यानंतर ॲप्टमध्ये ते वाक्य टाइप करून पुढे जायची सोयच बंद केली, अत्यावश्यक पॅकेज काढायचं तर आता मुद्दाम वेगळा ऑप्शन द्यावा लागतो. पण पायथन ३ त्या अत्यावश्यक यादीत नाहीये, त्यामुळे तुमच्या वेळी साध्या वायवर काम झालं.

आता उपाय. ॲप्ट स्वतः सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला आहे, पायथन गेलं तरी तो जिवंत असतो, हे नशीब. कंट्रोल ऑल्ट एफ३ दाबा (नुसती अक्षरांची स्क्रीन येते), लॉगिन करा आणि सुडो ॲप्ट इन्स्टॉल उबुंटू-डेस्कटॉप द्या. हे मेटापॅकेज आहे, स्वतःत काही नाही, नुसती डिपेंडन्सीची यादी, म्हणून एका नावाने बहुतेक सगळं परत येतं. राहिलेलं काय ते व्हार, लॉग, ॲप्टमधल्या हिस्टरी फाइलमध्ये बघा, त्या दिवशीच्या रिमूव्हच्या ओळीत एकेक नाव असतं. नेटच गेलं असेल तर मात्र पेनड्राइव्हवरून लाइव्ह बूट करून (म्हणजे उबुंटू थेट पेनड्राइव्हवरूनच चालू करून) डेटा आधी काढून घ्या आणि सरळ नव्याने टाका, डोकं नका फोडू.

पुढच्या वेळी काढण्याआधी रिमूव्हच्या कमांडला मायनस एस लावून बघा, ॲप्ट नुसतं नाटक करून दाखवतो, काढत काहीच नाही.

आणि नवं पायथन हवंच असेल तर जुनं काढायची गरजच नाही, दोन्ही शेजारी शेजारी राहतात, कामासाठी व्हर्च्युअल एन्व्हायरन्मेंट (त्या कामापुरतं वेगळं पायथन) करा. फक्त सिस्टीमची पायथन३ ही लिंक (शॉर्टकटसारखी) नव्याकडे वळवू नका. मी उबुंटू १८.०४ वर वळवली होती आणि टर्मिनलच उघडेना, कारण तो उघडणारी स्क्रिप्टसुद्धा पायथनमध्येच!