रिपोर्टवरचा गोल आणि दादाचा आजार

लाळ पाठवून घरबसल्या केलेल्या डीएनए चाचणीचा रिपोर्ट. त्यात एनआर१डी१ या जनुकाच्या नावाभोवती लाल पेनानं गोल केलेला, पुढे छापलंय ‘जोखीम वाढलेली’. घेऊन आलेली मुलगी २६ वर्षांची, कॉल सेंटरला रात्रपाळी करणारी. मोठ्या भावाला बायपोलर, म्हणजे कधी उन्माद तर कधी नैराश्य येणारा आजार; त्यावर लिथियम हे औषध चालू. "मॅडम, माझंही शरीराचं घड्याळ बिघडलंय ना? मलापण होणार?"

या जनुकापासून रेव्ह-अर्ब अल्फा हा न्यूक्लिअर रिसेप्टर, म्हणजे जनुकांचं काम कमी-जास्त करणारं प्रथिन, बनतो. तो डीएनएवर ठरावीक जागी बसून बीमॅल१ हे घड्याळाचं जनुक दाबतो; त्याच जागेवर आरओआर रिसेप्टर बसला की तेच जनुक जोर धरतं. या ओढाताणीमुळे मेंदूच्या पेशींमधला २४ तासांचा ताल पक्का राहतो. लिथियममुळे रेव्ह-अर्ब अल्फा लवकर मोडतो, हे २००६मध्ये पेशींवरच्या प्रयोगात दिसलं. नेमकं हेच तिनं वाचलं होतं आणि घाबरली होती. पण लिथियम इतरही अनेक वाटांनी काम करतं. शिवाय रिपोर्टमध्ये दाखवतात तसे डीएनएतले एका अक्षराचे फरक धडधाकट माणसांतही सर्रास सापडतात. त्यावरून निदान होत नाही.

रिपोर्टपेक्षा दादाचा आजार जास्त सांगतो. एरवी बायपोलरचं प्रमाण साधारण १ टक्का. सख्ख्या भावंडाला असेल तर ५ ते १० टक्के. म्हणजे अशा शंभरातल्या नव्वदांना तरी होत नाही.

तिला दोन आठवडे झोपेची वही लिहायला सांगितली: पडले कधी, उठले कधी, उठल्यावर कसं वाटलं. गोम सुट्टीत निघाली. पाच दिवस सकाळी ८ला झोपायची, सुट्टीचे दोन दिवस रात्री ११ला. दर आठवड्याला घड्याळ उलटं-सुलटं. आता सुट्टीत ती पहाटे ३ला झोपते, घरी परतताना गडद गॉगल लावते, खोलीला जाड पडदे आहेत. ऑनलाइन मागवलेला प्रखर दिवा मात्र परत करायला लावला. घरात बायपोलर असताना तो स्वतःच्या मनानं वापरू नये, उन्माद उसळू शकतो.

झोप न लागून दमणं वेगळं. तीन-चार तास झोपूनही सलग दोन-तीन दिवस थकवा नाही, बोलणं सुसाट, खर्च बेफाम, असं झालं तर थेट मानसोपचारतज्ज्ञाकडे.

जाता जाता खरा प्रश्न आला. "स्थळ आलंय. रिपोर्ट दाखवायचा का?" रिपोर्टमध्ये दाखवण्यासारखं काही नाही. दादाच्या आजाराचं सांगायचं की नाही, कसं सांगायचं, ते आधी दादाला विचारा. घरात ते त्याला कुणीच विचारलं नव्हतं.