पर्यावरणशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आला आहेस तर

सुरुवातीला रसायनशास्त्र आणि संख्याशास्त्रच वाट्याला येतं आणि 'आपण निसर्ग शिकायला आलो होतो ना?' असं वाटू लागतं. धीर सोडू नकोस. संख्याशास्त्र तर अजिबात टाळू नकोस, प्रकल्पाच्या वेळी तेच हात देतं.

पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा प्रयोग मन लावून कर. बाटली भरताना आत हवेचा एक बुडबुडाही राहता कामा नये. मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड ही ऑक्सिजन बांधून ठेवणारी रसायनं नमुना घेतल्या जागी, पाण्याच्या काठावरच घालायची, नाहीतर प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत आकडा बदललेला असतो. बाटलीत तयार होणारा साका (खाली बसणारा गाळ) तपकिरी झाला की ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर जवळजवळ नाहीच. २० अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, पाणी तापलं की कमी. म्हणून तापमान आणि वेळ नोंदवहीत नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. (ही सवय मला सगळ्यात मोलाची वाटते.)

दुसऱ्या वर्षापासून एखाद्या सरांच्या किंवा मॅडमच्या संशोधनात काम माग, भले बाटल्या धुवायचं मिळो. कायद्याचा पेपर रटाळ वाटेल, पण तोही नीट वाच. मोजलेल्या आकड्यावरून कारवाई कशी होते ते तिथेच कळतं.