नस, शीर, धमनी आणि रोहिणी

प्रश्न जिल्हा परिषद शाळेतल्या एका सरांचा आहे. ‘धमनी म्हणजे रोहिणी, शीर म्हणजे नीला’ असं त्यांनी फळ्यावर लिहिलं, तर एक पोरगी उठून म्हणाली, “सर, आमची आजी तं सगळ्यालेच नस म्हन्ते.” यातलं बरोबर कोणतं?

सर, आजी चुकत नाही. पण तिच्या एका ‘नस’मध्ये तीन वेगळ्या गोष्टी आहेत. निंदणाहून आल्यावर पोटरीत ‘नस चढते’ तो स्नायूचा गोळा. कमरेत ‘नस दबते’ तो मेंदूचे निरोप नेणारा चेतातंतू, त्यातून रक्त वाहतच नाही. हातावर ‘नसा दिसतात’ त्या मात्र खरोखर रक्तवाहिन्या, म्हणजे शिरा. घरात यानं काही अडत नाही, पण दवाखान्यात नुसतं ‘नस दुखते’ म्हटलं की डॉक्टरला पुन्हा विचारावं लागतं.

आता पुस्तकातल्या जोड्या. हृदयातून रक्त बाहेर नेते ती धमनी किंवा रोहिणी, हृदयाकडे परत आणते ती शीर किंवा नीला. रोहिणी-नीला ही नावं रंगावरून आली. रोहित म्हणजे तांबडा. आपल्याकडे रोहिणी म्हटलं की मृगाच्या आधीचं नक्षत्र आणि पेरणीची तयारी आठवते. त्या नक्षत्राचा ठळक ताराही तांबूसच आहे. शरीरात मात्र हा रंगाचा हिशेब फुप्फुसापाशी फसतो. हृदयातून फुप्फुसाकडे जाते ती रोहिणी, पण तिच्यातलं रक्त ऑक्सिजन कमी असलेलं, काळपट लाल. परत येतं ते नीलेतून, आणि ते लालभडक. शिवाय नीलेतलं रक्त निळं कधीच नसतं, कातडीखालून शीर तशी दिसते एवढंच. नावामुळं पोरं ते निळंच धरून चालतात, याचं मला वाईट वाटतं.

धमनी आणि शीर ही नावं चालीवरून पडली. चरकसंहितेतच फोड दिली आहे: ध्मानामुळे धमनी, सरणामुळे सिरा. ध्मा म्हणजे फुंकणं, लोहाराचा भाता फुंकतो तसं. हृदय दर ठोक्याला सुमारे 70 मिलिलिटर रक्त ढकलतं, मिनिटाला साधारण 5 लिटर. तो धक्का धमनीच्या जाड, लवचिक भिंतीला बसतो. केसाहून बारीक केशवाहिन्यांतून रक्त शिरेत येईपर्यंत धक्का जवळपास विरलेला असतो. ते नुसतं सरत जातं, आणि मागं येऊ नये म्हणून हातापायांच्या शिरांमध्ये झडपा असतात. ही नावं फुप्फुसातही खरी ठरतात, म्हणून माझं मत याच जोडीला. त्यात शीर हा शब्द पोरांच्या ओळखीचा: कपाशीच्या पानाला शिरा असतात, विहीर खोदताना पाण्याची शीर लागते.

विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरनं 1628 मध्ये छापलेला एक प्रयोग वर्गात करता येईल. तुमच्याच दंडाला दुपट्टा बेताचा आवळून बांधा, सिस्टर सलाईन लावताना रबर बांधते तसा. शिरा तटतटून फुगतील, कारण हृदयाकडे परतणारं रक्त अडलं. धमनी खोल असल्यानं तेवढ्यानं दबत नाही. फुगलेल्या शिरेवर मनगटाच्या बाजूला एक बोट दाबून ठेवा आणि दुसऱ्या बोटानं रक्त कोपराकडे सारा. मधली शीर बसते आणि कोपराकडचं बोट काढलं तरी बसलेलीच राहते, कारण झडपा रक्त मागं येऊ देत नाहीत. मनगटाकडचं उचललं की लगेच भरते. झालं की दुपट्टा सोडा, आणि त्या पोरीला तुमच्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं ठेवू द्या. तिथं उडते ती धमनी.