पाण्यातून गाडी काढताना

नवीन गाडी शिकलायस, तर बडोद्याच्या पावसाचं आधी ऐकून घे. आजवा सरोवरातून पाणी सोडलं की विश्वामित्री नदी चढते, पण अलकापुरीचं गरनाळं, म्हणजे रेल्वेखालून जाणारा रस्ता, नुसत्या जोरदार सरीनंही भरतं. तिथे शिरूच नकोस. रस्त्यावर पाणी असेल तर पहिला गिअर, संथ वेग. जोरात गेलास की लाट उठते, शेजारच्या स्कूटरच्या सायलेन्सरवर चढते, ओट्यावरून दुकानात शिरते. मागचा हॉर्न मारेल, मारू दे. या धसमुसळ्या गाडीवाल्यांचा मला खरंच संताप येतो. पाण्याखाली उघडं गटार असलं आणि त्या लाटेनं स्कूटरवालीचा तोल गेला तर? मध्येच गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नकोस, इंजिनात पाणी ओढलं जातं. उतरून ढकल. पाण्याबाहेर आल्यावर हळू चालवत दोन-तीनदा ब्रेक दाबून वाळव.