रात्री कारचा सायरन आपोआप वाजतो आणि सकाळी कधीकधी गाडी सुरूच होत नाही. इमोबिलायझर गेला का?

बहुधा नाही. इमोबिलायझर म्हणजे ओळखीची चावी नसेल तर इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, पण आधी मल्टिमीटर लावून बॅटरी बघा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. १२.२ च्या खाली असेल तर दोन्हींचं मूळ तिथेच असू शकतं.

बॅटरी ठीक असेल तर सायरनसाठी बॉनेट उघडा. लॉकजवळ एक छोटा दाबाचा स्विच असतो. पावसाळ्यात त्यात पाणी शिरतं, गंज चढतो आणि अलार्मला वाटतं कुणीतरी बॉनेट उघडलं. माझ्या गाडीत हेच निघालं. आठवडाभर सोसायटीच्या शिव्या खाल्ल्या, काम मात्र कॉन्टॅक्ट क्लीनरच्या दोन फवाऱ्यांचं.

आता इमोबिलायझर. इग्निशन ऑन केल्यावर चावीचा किंवा कुलपाचा दिवा लुकलुकत राहिला, इंजिन फिरतं पण पकडत नाही किंवा पकडून दोन सेकंदांत बंद पडतं, तर गाडीला चावी ओळखू येत नाहीये. चावीतल्या चिपला सेल लागत नाही, ती इग्निशनभोवतीच्या कॉइलमधून वीज घेते. म्हणजे रिमोटचा सेल बदलून हा दोष जाणार नाही. जुडग्यात दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी असेल तर ती काढा, मग स्पेअर चावी लावून बघा. स्पेअरने लगेच सुरू झाली तर दोष पहिल्या चावीत. पुश बटणवाल्या गाडीत मात्र सेल संपला असेल तर रिमोट बटणालाच टेकवून बघा, बऱ्याच गाड्या तशा सुरू होतात.

बाहेरून बसवलेला अलार्म असेल तर वायरिंगचे जोड आधी तपासून घ्या. नुसती टेप गुंडाळलेली असते!