३-३ की ३-२-१? आधी दम बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमच्या पाण्याखालच्या हॉकीच्या संघात दोघे वेगवान, एक जण संथ पण तळाशी बराच वेळ टिकणारा, एक डावखुरा, बाकी नवखे. आजवर ३-३ (तीन पुढे, तीन मागे) खेळलात, गोल मधूनच बसतात, तर ३-२-१ कडे (तीन पुढे, मध्ये दोन हाफ, शेवटी एक) वळावं का?

वळा. पण दोन्ही वेगवान खेळाडू पुढे टाकणार असाल तर नका वळू.

मैदानी हॉकीत बचावपटू जागेवर दिसला म्हणजे तो तिथे असतोच. आपल्याकडे तो बरोबर जागेवर असतो, फक्त दोन-तीन मीटर वर, स्नॉर्केलमधून श्वास घेत. कागदावर सहा ठिपके काढा, तळाशी एका वेळी दोघे-तिघेच सापडतील. (१९५४ मध्ये इंग्लंडमध्ये खेळ सुरू झाला तेव्हा प्रत्येक संघात आठ जण असत, ‘ऑक्टोपुश’ हे नाव त्यावरूनच.) म्हणून रचना ठरवताना मी एवढंच विचारतो: हा वर गेला की खाली कोण?

३-३ मध्ये उत्तर सोपं आहे. प्रत्येक बाजूला पुढचा-मागचा अशी जोडी, एक वर तर दुसरा खाली. नवख्यांना ते पटकन कळतं. तुमचे गोल मधून बसतात, कारण बहुधा पक (तळावरून ढकलायची जड चकती) भिंतीकडे गेला की मधला बॅक मदतीला सरकतो आणि त्याची जागा कोणीच घेत नाही. ३-२-१ मध्ये शेवटचा माणूस असा सरकत नाही, सरकायचं ते हाफनी. त्यामुळे सर्वांत जास्त दमतात ते हेच दोघे. तुमचा एक वेगवान खेळाडू तिथे हवा. दुसरा मध्यभागी पुढे, कारण सुरुवातीला आपल्या भिंतीला हात लावून पकपर्यंत १२ मीटरच्या आसपास कोण आधी पोचतो, त्यावर पहिला ताबा ठरतो. डावखुऱ्याला डाव्या विंगवर ठेवा. पक भिंत आणि अंगाच्या मध्ये राहील, आणि त्याचा फ्लिक (पक उडवून मारलेला फटका) सहज आत येईल.

संथ माणूस शेवटी? शक्य आहे, पण आधी पारखा. मी स्वतः दोन हंगाम त्या जागेवर खेळलो आणि पहिला पूर्ण वाया घालवला. समोरचा दिसला की मी लगेच डुबकी मारायचो. तळाशी पोचलो की पक अजून चार मीटर लांब. तो थांबायचा, अंगाभोवती वळवून पक झाकायचा, आणि माझी छाती भरून यायची. मी वर निघालो की तो माझ्या फिन्सखालून शांतपणे पक ढकलून मोकळा. गोलची पन्हळ तीन मीटर रुंद, मागे कोणी नाही. मग प्रशिक्षकांनी पृष्ठभागावरच थांबायला लावलं: तोंड पाण्यात, नजर पकवर, समोरच्याचा दम संपत आला की तिरकं खाली. ते अंगवळणी पडायला वेळ लागला.

म्हणून ‘किती वेळ टिकतो’ यापेक्षा ‘पुन्हा किती लवकर खाली जातो’ हे बघा. खाली जाऊन पक पाच-सहा मीटर ढकलायचा, वर येऊन तीन श्वास, परत खाली. कितव्या फेरीत हात ढिला पडतो ते मोजा. लांब दमाचे कित्येक जण इथे चौथ्या फेरीलाच गळतात. दम धरण्याची शर्यत मात्र लावू नका, आणि डुबकीआधी जोरजोरात श्वास घेण्याची सवय असेल तर मोडा. त्याने पाण्याखाली शुद्ध जाऊ शकते.

बदली खेळाडू चार मिळतात आणि खेळ न थांबवता बदलता येतात, तेव्हा हाफना दमण्याआधीच बाहेर काढा. सुरुवातीला दोन्ही हाफ एकाच भिंतीकडे धावतील, हमखास. तेवढ्यापुरता एकच नियम ठेवा: पकपासून लांबचा हाफ मध्य सोडणार नाही.